राजीच्या फोनचं कव्हर

१८ ऑगस्ट, सोमवार

फोन पडला. दारातल्या ओट्याच्या फरशीवर, राजीच्या हातातून. मी शिलाई मशीन तशीच सोडून पळाले. कोपऱ्याला ओरखडा, बाकी काही न्हाई. पण नंतर सुईत दोरा ओवता येईना.

हा फोन मिरवायचा न्हाई. माझ्या भावानं, बद्रीनाथनं, पुण्याहून आणून दिला तो एकाच कामासाठी. लेकीच्या, राजनंदिनीच्या दंडावर जी चकती चिकटवली आहे, तिच्याजवळ हा फोन धरला की अंगातली शुगर किती ते दिसतं. माझ्या आणि ह्यांच्या फोनला ते जमत न्हाई. सातवीतली पोर, आणि पाचवीपासून इन्सुलिनवर. आजवर बोट टोचून रक्त काढायचो. बोटांचे शेंडे ठिपक्यांनी भरलेत तिच्या.

आता फोन शाळेत न्यायचा. धम्मपाल सर तिचे वर्गशिक्षक, खेळही तेच घेतात. त्यांनी हो म्हटलं. "पण ताई, दिसू देऊ नका. एकीचा दिसला की उद्या सगळेच आणतील."

सासूबाईंचं निराळंच. "सरांना सांगितलं तेवढं बस. बाकी कुणाला कळायचं न्हाई. पोरीचं लग्न करायचंय आपल्याला."

म्हणजे कव्हर असं पाहिजे — फोन फुटू नये, आणि दिसूही नये.

२० ऑगस्ट

परतूरला जाऊन आले. दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात दणकट दाखवा. त्यानं काळं काढलं — आत जाड रबर, वरून कडक प्लास्टिक, पाठीला बोट घालायची लोखंडी कडी. "गच्चीवरून टाका, काही होत न्हाई."

घेतलं. येताना बसमध्ये पहिल्यांदा जरा निवांत वाटलं.

राजीच्या कुर्त्याला आतून, कंबरेशी मी खिसा शिवला होता. फोन त्यात जाईना. खिसा उसवून मोठा केला.

२१ ऑगस्ट

शाळेतून आली ती तोंड फुगवून. "आई, कमरेला वीट बांधल्यासारखं दिसतंय. पोरी विचारून राह्यल्या काय आहे म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"पट्टा. कंबर दुखती म्हणून."

खोटं बोलायला आम्हीच शिकवलं, आता रागावू कुणावर?

जेवताना म्हणाली, "आणि फोन चकती वाचत बी न्हाई. कव्हर घातलं की वाचत न्हाई."

ह्यांनी — आदिनाथरावांनी — भाकरी मोडता मोडता म्हटलं, "तिला कव्हर नकोय, म्हणून बहाणे." मलाही तसंच वाटलं. घरी मीच तिचं बघते ते झोपताना, आणि तेव्हा फोन चार्जिंगला लावायला कव्हर काढलेलंच असतं.

२२ ऑगस्ट

पोळा. पुरणपोळीवरून राजीच्या डोळ्यात पाणी. अर्धीच दिली, त्यापुरतं इन्सुलिन वाढवून. सासूबाईंनी पाहुण्यांना सांगितलं, "तिला गोड आवडतच न्हाई."

राजी खाली मान घालून बसली होती.

२५ ऑगस्ट, सोमवार



दुपारी सरांचा फोन. "ताई, घाबरू नका, पण लगेच या." मी मशीनवरून उठले ती थेट शाळेत. चप्पल कुठली घातली तेही आठवत न्हाई. एक माझी, एक सासूबाईंची होती, हे शाळेत गेल्यावर दिसलं.

ऑफिसच्या बाकावर राजी पडलेली. घामानं केस चिकटलेले, ओठ पांढरे. शेजारी प्रिया, तिची मैत्रीण, रडत होती. सरांच्या हातात ग्लुकोजच्या पाण्याचा पेला. "दोन घोट प्याली. आता बोलती आहे."

झालं असं, की खो-खोच्या सरावात शुगर उतरून तिला गरगरायला लागलं. ती भिंतीच्या आडोशाला गेली. फोन दंडाला लावला — वाचेना. पुन्हा लावला — वाचेना. मग कव्हर ओढून काढायला गेली. ते इतकं घट्ट, आणि हातात जोर न्हाई. निघालं तसा फोन उडून सिमेंटवर पडला. मागोमाग ती बसली. प्रियानं पाहिलं म्हणून. प्रिया पळाली म्हणून.

फोनच्या काचेला एका कडेला तडा आहे. चालतो.

मी तिथंच पाहिलं. कव्हर घालून दंडाला धरला — काही न्हाई. काढून धरला — टुंग. आकडा आला.

खरं बोलत होती पोर.

"दप्तरात साखरेची डबी होती ना, राजी? मग खाल्ली का न्हाई?"

"दप्तर पोरींपाशी होतं. सगळ्याजणी बघून राह्यल्या होत्या."

सर खिडकीकडे वळले.

२६ ऑगस्ट

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "शाळाच नको. घरी बसून काय मरत न्हाई."

ह्यांनी मान खाली घातली. मी वाट पाहिली, बोलतील म्हणून. न्हाई बोलले.

मग मीच बोलले. "आत्याबाई, ती काल शाळेपायी न्हाई, लपवण्यापायी मरत होती."

सासूबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. पंधरा वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले न्हाई. त्या उठून आत गेल्या. दिवसभर घरात भांड्यांचाच आवाज.

२८ ऑगस्ट

जालन्याला गेल्तो, राजी आणि मी.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी काळं कव्हर हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "एवढी जाडी, त्यात पाठीला लोखंड. फोनला चकतीचं ऐकूच जात न्हाई." मग राजीकडे बघून, "आणि तू ऐक. गरगरलं की आधी साखर. फोन नंतर. कुणी बघो, न बघो."

तिथून कव्हरच्या दुकानात. गणपतीची गर्दी होती. आम्ही म्हटलं, बारीक दाखवा, पण फोन पडला तर फुटायला नको. काउंटरवर एक मुलगी होती, तिनं ढीगच मांडला. मी एकेक हातात घेऊन वाकवून बघत होते. मग राजीच म्हणाली, "असं कसं कळंल? लावूनच बघावं लागंल."

लावून बघायचं म्हणजे बाही वर करावी लागणार. भर दुकानात.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी हातातलं कव्हर तिच्यापुढं धरलं. तिनं बाही दंडापर्यंत दुमडली.

पहिलं, पुस्तकासारखं उघडझाप करायचं. आतल्या झाकणाला लोहचुंबक होतं — वाचेना. दुसरं कडक प्लास्टिकचं, कागदासारखं पातळ. वाचलं, पण कोपरे उघडे. पडला की संपला. तिसऱ्याच्या पाठीला गोल चुंबक. तेही न्हाई. प्रत्येक वेळी फोन दंडाला टेकवायची, थांबायची, मान हलवायची. बाजूची दोन माणसं बघायला लागली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे काय आहे दंडाला?"

मी तोंड उघडलं, त्याआधी राजी बोलली. "मला शुगर आहे. हे बघायला फोन लागतो."

नुसतं एवढंच. बाजाराचा भाव सांगावा तसं.

मुलगी म्हणाली, "थांब मंग," आणि वरच्या फळीवरून एक काढलं. मऊ, पातळ, पाठीला काहीच न्हाई. फक्त चारी कोपऱ्यांना आतून फुगीर उशी, आणि काचेच्या भोवती कड जराशी उंच. घातलं. दंडाला लावला — टुंग. पुन्हा — टुंग.

"पडला तर?" मी विचारलं.

राजीनं हात पुढं केला आणि सोडून दिला. फोन फरशीवर. माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा ती उचलून दाखवत होती. तडा होता तेवढाच.

येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. बाही तशीच दुमडलेली होती.

३ सप्टेंबर

महालक्ष्म्यांची सुट्टी संपली. शाळेत पाठवली. खिशात फोन गेला, वरून काहीच दिसत न्हाई. तरी दिवसभर ब्लाउजच्या बाह्या उलट्या जोडत होते.

संध्याकाळी प्रियाच सांगत आली. सरावात राजीनं मध्येच हात वर केला, बसली, सगळ्यांसमोर डबी उघडून साखर खाल्ली. मग फोन लावून बघितला. पोरी जमा झाल्या. तिनं सगळ्यांना चकती दाखवली, एकेकीला हात लावू दिला.

मी राजीला विचारलं, "भीती वाटली न्हाई?"

"वाटली ना. पण त्यांना फोनचंच जास्त होतं. कितीला घेतला म्हणून राह्यल्या होत्या."

६ सप्टेंबर

गावभर झालं. गिरणीवर एकीनं मला विचारलं, "पोरीला काय मोठा आजार म्हणं?" सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. पिठाचा डबा न घेताच घरी आल्या.

"झालं समाधान? आता कोण करंल तिला?"

ह्यांनी या वेळी मान वर केली. "आई, आधी ती जगू दे."

सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत न्हाईत.

८ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी दारात एक बाई. शिवकन्या नाव, वेशीपलीकडच्या वस्तीवरची. आमची ओळख न्हाई. कडेवर चार-पाच वर्षांची पोर, अगदी वाळलेली. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी आतून ऐकत होते.

"ते फोनवर शुगर कशी बघतेत, ते दाखवता का, मावशी? हिला बी हाय. आम्ही कुणाला सांगितलं न्हाई."

मी उंबऱ्याशी आले. सासूबाई त्या पोरीच्या ठिपक्यांनी भरलेल्या बोटांकडे बघत होत्या.

मग सरकून जागा केली. "बस, बाई. आमच्या राजीला बी शुगर हाय. ती दाखवील."