डॉक्टरीणबाईंनी खोडलेली नोंद

धाकटे,

थोरल्या बहिणीचा तुला मनापासून आशीर्वाद. माझी काळजी नको. जेवण नीट आहे, काम हलकं आहे.

इथल्या मोठ्या दवाखान्यात सांधेदुखीच्या नव्या औषधाचा अभ्यास चाललाय, त्यात मीही आहे. जुनी गोळी सुरूच, वर एक नवी. ती औषधाची की नुसतीच खडूची, हे मला ठाऊक नाही आणि डॉक्टरीणबाईंनाही नाही. मुद्दाम तसं ठेवतात. एवढी शिकलेली बाई "मला माहीत नाही" म्हणते, मला फार कौतुक वाटलं. आजार काय, तर आपलंच रक्त आपल्या सांध्यांवर उठतं. मी म्हटलं, "म्हणजे भावकीच की." बाई पोट धरून हसल्या.

तपासणीच्या दिवशी मी नको तो शहाणपणा केला. बाईंना वाईट वाटू नये म्हणून गरम पाण्यात हात शेकले, दुखणं मारायची गोळी घेतली आणि मूठ घट्ट मिटून दाखवली. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलवेना. त्यांनी ती नोंद सरळ खोडली. म्हणाल्या, "मावशी, माझ्यासाठी बऱ्या होऊ नका. दुखतं तेवढं दाखवा. पुढच्या बायकांचं औषध त्यावर ठरणार आहे."

तुझी लेक फोनवर सांगत होती, तुझी बोटं सुजलीत आणि तू सासूपुढे "काही नाही" म्हणतेस. मूर्ख आहेस. सांधा एकदा वाकडा झाला की औषधाने सरळ होत नाही. याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. सासूची तब्येत नंतर कळव, आधी बोटांचं लिही. आणि पत्र लेकीच्या अक्षरात आलं, तर मी समजायचं ते समजेन.

तुझी ताई