करकोच्यांच्या राखणदाराचा वाटा

मंगळवार, माघ, सन १९६५

मेले सगळे हसले मला आज चावडीवर. तापीच्या काठी उतरणाऱ्या करकोच्यांवर कुणी बंदूक झाडू नये म्हणून दित्या भिल राखण करतो. त्याचा पगार पाखरांवर जीव असलेली परदेशातली एक मडम धाडायची, तो यंदा बंद झाला. मी म्हटलं, न्हाव्या-सुताराला देतो तसा खळ्यावर दित्यालाही ज्वारीचा वाटा द्या, प्रत्येक घरानं.

पाटलाचा पोरगा म्हणे, "मोठी माय, करकोचा आपली दाढी करस का?"

"न्हावी दाढी करस, डोकामा अक्कल भरस नही," मी म्हटलं. पाटील 'पाहू' म्हणत तंबाखू मळत बसला.

करकोचे माझा हरभरा खातात, मला त्यांचा लळा नाही. मग का भांडले? मळ्यात एकटी राहते. दिवस मावळला की बांधावरून दित्या विचारतो, "माय, जेवनी का?" सुरतेला गेलेली माझी पोरं विचारत नाहीत. आजही त्यानं हाक मारली. जेवले नव्हते, तरी जेवले म्हणाले. वाटा नाही मिळाला तर तो मोलगीला घरी निघून जाणार.

उद्या आमचं खळं लागेल. वाटा देणार की नाही, हे पाटलानं स्वतः येऊन सांगावं. पोराला पाठवू नये.