आईच्या बुटकीची लेव्हल

बाबा,

शुक्रवारी दुपारी आईने एक गोष्ट इतक्या सहज सांगितली, की मला अजून धड काही सुचत नाहीये. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याशी भांडायची सवयही मोडली, आणि आता भांडायचं म्हटलं तर समोर तुम्ही नाही.

झालं असं, की माझ्या लेकीला तुमच्या त्या खेळाचं वेड लागलंय. तोच, जो तुमचा ब्रिटिश सहकारी कुवेत सोडताना तुम्हाला देऊन गेला होता. फासे, कागदावर रचलेली पात्रं, आणि खेळ चालवणारा म्हणेल तो राक्षस दारात उभा. तिच्याकडे नवी आवृत्ती आहे. आपल्या घरातली जुनी पात्रं तिला नव्या नियमांत बसवायची होती, म्हणून जेवणं झाल्यावर आम्ही तिघी टेबलाशी बसलो. आई आता माझ्याकडेच असते. माझी चोर पटकन बसली, दादाचा योद्धाही बसला. अडलं ते आईच्या बुटकीपाशी. आईने ड्वार्फ घेतली होती, जखमा बऱ्या करणारी. जाब्रियाच्या फ्लॅटमधलं ते स्वयंपाकघर मला लख्ख दिसतं. तुम्ही पुस्तक उघडून बसलेले, आई पोळ्या लाटता लाटता फासे टाकते आणि पीठ लागलेले फासे तुम्ही रुमालाने पुसता. आम्ही सगळे वर चढत जातो आणि एके दिवशी आईची लेव्हल थांबते. "का हो? मी काय कमी राक्षस मारले?" ती विचारते. तुम्ही पुस्तक तिच्यापुढे सरकवता, ओळीवर बोट ठेवता. "बुटक्यांना याच्या वर जाता येत नाही. नियम आहे, मी काय करू?" आई हसते आणि पुढची पोळी तव्यावर टाकते. तुम्ही नियमाचे पक्के होतात, म्हणून तर आम्ही तुमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचो.

"दॅट्स सो अनफेअर, आजी," लेक म्हणाली. "नाऊ देअर इज नो लिमिट." बुटकीला आता किती वर न्यायचं, असं तिने मला विचारलं. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खेळातलं जाऊ दे गं. ते निदान पुस्तकात होतं. इकाम्याचं तर कुठेच नव्हतं."

मला माहीत होतं ते एवढंच, की आई नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, इथे कुवेतला आल्यावर जाब्रियातल्या एका क्लिनिकने तिला बोलावलं होतं, पण नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या नावाने मिळालेल्या राहण्याच्या परवान्यावर, आलेल्या बाईला इथे फक्त राहता येतं, तो बदलून नोकरी करता येत नाही, असा तेव्हा नियम होता. तुम्हीच सांगायचात. पाहुण्यांसमोर हळहळून सांगायचात.

"बदलून मिळत होता," आई म्हणाली. "समोरच्या वहिनींचा त्याच सुमारास झाला. यांनी कुणाला विचारलंच नव्हतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? ते चार लोकांत सांगून बसले होते. आणि तुम्ही दोघं लहान." तिने मेथीची दुसरी जुडी ओढली.

राग लगेच आलाही नाही, आधी ते खरंच वाटेना. फाशावरचा एक आकडा कधी इकडचा तिकडे न केलेला माणूस. मी इंजिनिअर झाले तेव्हा तुम्ही ऑफिसभर पेढे वाटलेत. आज मी मीना अल-अहमदीला, तुम्ही होतात त्याच रिफायनरीत आहे, माझ्या स्वतःच्या इकाम्यावर. मुलीचं एवढं कौतुक होतं, मग आईची कसली भीती वाटली? घर विस्कटेल याची? की दमून घरी याल तेव्हा दार उघडायला कुणी नसेल, एवढीच? मला तुमचा भयंकर राग आलाय आणि तुमची आठवणही येतेय. दोन्ही एकदम कसं पेलायचं ते कळत नाही.

लेक आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. बोलते इंग्रजीत, पण मराठी तिला सगळं समजतं. "सो आजोबा लाईड?" तिने विचारलं. आजीला नाही, मला. तिने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय.

"नाही गं," मी म्हणाले. "आजी विसरली असेल. तेव्हा नियमच तसा होता."

तोंडातून कसं निघून गेलं, कुणास ठाऊक. आईचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, तिला यात नवीन काहीच नसल्यासारखं, आणि मेथीच्या काड्या गोळा करून ती आत गेली. हे कागद घडी घालून मी माझ्याच कपाटात ठेवणार आहे. लेकीला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही, बाबा. आईच्या नजरेला नजरही मी अजून दिलेली नाही.