फाटकावरचा तारा

अफझलगंज, हैदराबाद
१२ डिसेंबर १९९२

प्रिय आईस,
शांतवनचा सलाम.

मंगळवारी सकाळी उठल्याबरोबर, तू कामट्या बांधून केलेला नाताळचा तारा मी दारावर टांगला. नाताळला अजून सतरा दिवस होते. सणाची घाई नव्हती, आई. दंगल करत कोणी आलं तर हे घर ख्रिस्ती माणसाचं आहे हे दिसावं, एवढंच मनात होतं.

मी सुखरूप आहे. कर्फ्यू दोन तास उठतो, तेव्हा दूध मिळतं. कारखाना बंद आहे. उघडल्यावर माणसं कमी करणार म्हणतात, पण त्याचा तू घोर लावून घेऊ नकोस. तुझा खोकला कसा आहे?

शेजारी रहमतबी दोन मुलींना घेऊन राहतात. मला ताप होता तेव्हा त्यांनीच खिचडी पाठवली होती. तारा पाहून त्या म्हणाल्या, "भाईसाब, ऐसा एक तारा हमारे दरवाजे पे बी लगा देते क्या?"

"एकच है, बी," म्हणालो आणि कडी लावली.

तेव्हापासून प्रार्थनेला शब्दच सुचेनात. प्रभूने मला या गल्लीत नुसतं कडी लावून बसायला ठेवलंय का?

आज सकाळी तारा दारावरून काढला आणि दोन्ही घरांच्या समाईक फाटकावर बांधला. मी तारा धरून उभा राहिलो आणि सुतळीची गाठ रहमतबींनी मारली. कोणी विचारलं तर आत सगळी माझीच माणसं आहेत, असं सांगणार आहे.

आता चौघांसाठी प्रार्थना कर.

तुझा,
शांतवन