चोविसावा हिस्सा

१२ सप्टेंबर

आज आमच्या घरात राहायला आलो. "आमच्या घरात" हे दोन शब्द लिहिले आणि जरा वेळ नुसतं त्यांच्याकडे बघत बसलो. सत्तेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या छपराखाली काढली.

तेतुआनच्या जुन्या शहरातल्या गल्ल्या अशा अरुंद की सामान गाढवांवरून आणावं लागलं. ताहराच्या कपाटाला शेवटचं वळण घेता येईना. गाढववाला म्हणाला, कपाटाला माहेरी परत पाठवा. ताहरा माझी मोठी बहीण, विधवा. माझी बायको गेल्यापासून माझं घर आणि माझी पोर तिच्याच जिवावर चाललंय. तिने गाढववाल्याला सुनावलं, की कपाट राहील, जाईल तर गाढव जाईल. शेवटी कपाटाचे पाय कापले.

ताहराने उंबऱ्यावर दूध शिंपडलं. रीम, माझी आठ वर्षांची पोर, सगळ्या खोल्यांतून धावत सुटली. मधे अंगण, अंगणात छोटं कारंजं, भोवती खोल्या, वर सज्जा, त्यावर गच्ची. वरची एक खोली तेवढी कुलूपबंद आहे.

मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. पंपाला कान लावला की त्याचं दुखणं मला कळतं, आणि माणसांचंही बऱ्यापैकी कळतं. दलाल अल्लाल म्हणाला होता, की तांजियरचं गिऱ्हाईक चार वाजता बयाणा घेऊन येतंय. त्याच्या घशातून आवाज पोकळ आला, गिऱ्हाईक खोटं होतं. तरीही मी साडेबारालाच हात मिळवला. घर एकदाच पाहिलं होतं, सकाळच्या उन्हात. ते किती गोड दिसत होतं.

१४ सप्टेंबर

कागदपत्रांचं लिहून ठेवतो, कारण त्यातली युक्ती माझी आहे.

मला मुलगा नाही. उद्या मी डोळे मिटले तर कायद्याने निम्मं रीमला आणि उरलेलं माझ्या भावंडांना. माझा भाऊ सलाम आयुष्यभर कॅफेत बसून राहिला, त्याने माझ्या भिंतीत खिळा का ठोकावा? म्हणून घर मी सरळ रीमच्या नावावर घेतलं. माझं नाव कागदावर कुठेच नाही. वर दस्त लिहिणारे अदूल, सी लहसन, त्यांच्याकडून धर्मादाय दान असं लिहून घेतलं. साधी भेट असती तर बापाला कधीही परत घेता येते. धर्मादाय दान देवाच्या नावाने दिलेलं असतं, ते देणाऱ्यालासुद्धा मागे घेता येत नाही. सी लहसननी दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, अशी गाठ मारा की मलाही सुटू नये.

ताहराला हे कळलं तेव्हा ती भाजी चिरत होती. म्हणाली, "सलामला वगळलंस ते समजलं. मला वगळताना सुरी जड नाही लागली?" मी हसण्यावारी नेलं. पण लागलं मला.

दुसरी गोष्ट क्षुल्लक आहे. घराचे कागदावर चोवीस हिस्से. सहा भावांनी मिळून तेवीस विकले. एक हिस्सा त्यांच्या धाकट्या बहिणीचा, लल्ला अशूशाचा. ती चाळीस वर्षांपूर्वी नाहीशी झाली. मेल्याचा दाखला नाही, म्हणून तिचं वय ऐंशी होईपर्यंत तिचा हिस्सा राखून ठेवायचा. अल्लाल म्हणाला, चोविसातला एक म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्या, समजा तिथे पाय देत नाही.

१८ सप्टेंबर

कोपऱ्यावर पावांची भट्टी आहे. भट्टीवाला मुफद्दल सगळ्या गल्लीचे पाव भाजतो आणि सगळ्या गल्लीच्या बातम्याही. आज पाव आणायला मीच गेलो. त्याने विचारलं, तीन ते चार तुम्ही कुठे बसता? मी म्हटलं, बसायचं कुठे, घरात.

त्याने फळी खाली ठेवली. मग म्हणाला, की ते सहाही भाऊ रोज तीनला बायकापोरांसकट बाहेर पडायचे आणि चारपर्यंत भट्टीपाशी बसायचे. आजारी माणसाला खुर्चीत घालून आणायचे. तो तास लल्ला अशूशाचा. चोवीस हिस्से, चोवीस तास. वरची खोलीही तिची, तिला कुणी हात लावला नाही.

मी विचारलं, हे घर घेण्याआधी का नाही सांगितलंत? तो 'सी' असा मानाचा शब्द लावून शांतपणे म्हणाला, "सी बुअज्जा, तुम्ही भिंती ठोकून पाहिल्यात, नळ सोडून पाहिलात. माझ्या दुकानावरून दोनदा गेलात. विचारलंत का?"

ताहराला सांगितलं. ती म्हणाली, तासभर बाहेर बसू की, त्यात काय झिजतं. मी म्हटलं, माझ्या घरातून मी कुणाच्या बापासाठी उठणार नाही.

१९ सप्टेंबर

सकाळी वरच्या खोलीचं कुलूप तोडलं. पंपांचे सुटे भाग ठेवायला जागा हवीच होती.

आत धुळीचा कण नाही. खिडकीपाशी भरतकामाची गादी, तिच्यात सुई खोवलेली, सुईत हिरवा दोरा. दोऱ्याचं टोक ओलं होतं, आत्ताच कुणी ओठात धरून टोकदार केल्यासारखं. ताहरा दारातूनच मागे फिरली. मी सगळं पोत्यात भरलं आणि पोतं जिन्याखाली टाकलं.

तीन वाजता घराचा आवाज गेला. कारंजं उडत होतं पण पाणी वाजत नव्हतं. मी टाळी वाजवली, तीही वाजली नाही. मी पळत वर गेलो. रीम त्या खोलीत खिडकीपाशी बसून भरत होती. मांडीवर तीच गादी. माझ्या पोरीला साधं बटण शिवता येत नाही. मी हाका मारल्या, हलवलं. तिने मान वर केली आणि परक्या माणसाकडे बघावं तसं, अदबीने बघितलं.

चार वाजता पाणी वाजू लागलं. रीम म्हणाली, बाबा, माझं बोट का दुखतंय?

२० सप्टेंबर

खोलीला नवं कुलूप लावलं. गादी होती तिथे ठेवली. माफी मागितली, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. पावणेतीनला तिघंही भट्टीवर जाऊन बसलो. मुफद्दलने बाक पुसून दिला.

तीनला रीमने माझ्या हातातून हात काढून घेतला. म्हणाली, काका, मला घरी जायचंय.

पाच वाजेपर्यंत तशीच. काल एक तास होता, आज दोन.

२३ सप्टेंबर

रीमला घेऊन मार्तीलला गेलो, समुद्रावर, सलामकडे. ज्याला खिळाही ठोकू द्यायचा नव्हता त्याच्या दारात उभा राहिलो. त्याने काही न विचारता अंथरूण घातलं.

काही उपयोग नाही. तीन ते आठ ती वाळूत तेतुआनकडे तोंड करून उभी. सलामने तिला उचललं तर ओरडली, सोडा, माझ्या घरी कुणी नाहीये. लोक जमले. सलाम मला म्हणाला, दादा, ही आपली रीम नाही.

परत आलो.

२६ सप्टेंबर

सी लहसनकडे गेलो. म्हटलं, दस्त फाडा. ते म्हणाले, फाडता येत नाही. म्हटलं, मग घर मी परत घेतो. ते म्हणाले, धर्मादाय दान आहे, तुम्हीच सांगितलंत. म्हटलं, विकून टाका कुणालाही, कवडीमोलाने. घर लहान मुलीचं, न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि परवानगीला महिने लागतात.

मग मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, की एका हिस्सेदाराने परक्याला विकलं तर उरलेल्या हिस्सेदाराचा हक्क पहिला. वर्षाच्या आत तो परक्याचे सगळे हिस्से स्वतःकडे ओढू शकतो. जुना कायदा आहे. मी म्हटलं, पण परका मी आहे, पोर नव्हे.

ते म्हणाले, "कागदावर तुम्ही नाहीच, सी बुअज्जा. कागदावर ती आहे."

३० सप्टेंबर

अकरा तास तिचे. भल्या पहाटेपासून दुपारपर्यंत, एवढीच रीम माझी. शाळेतून बाईंचा निरोप आला, पोर स्वतःचं नाव चुकीचं लिहिते. कुठलं लिहिते ते मी विचारलं नाही.

झाडफूक करणारा मौलवी, फकीह, आणला. तो सज्ज्यापर्यंत चढला, खाली उतरला, पैसे परत देऊन गेला.

३ ऑक्टोबर

ताहरा गेली. नाही, मीच जायला सांगितलं. ती रीमला जेवण भरवत होती आणि रीमने विचारलं, या बाई रोज का येतात. ताहराने घास ताटात ठेवला. जाताना मला म्हणाली, मला हिस्सा नको होता रे, नुसतं विचारलं असतंस.

कपाट इथेच राहिलं.

७ ऑक्टोबर

दुपारी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ती भरत होती. मी म्हटलं, लल्ला अशूशा, तेवीसच्या तेवीस घ्या, फुकट घ्या, माझं दुकानही घ्या. पोर तेवढी सोडा.

सुई थांबली. रीमच्या तोंडातून, रीमच्याच आवाजात, पण थकलेल्या बाईच्या सुरात उत्तर आलं:

"माझी भागीदार ही आहे. तुमच्याशी माझा व्यवहारच नाही. तुम्ही कोण?"

मी तिचा बाप, हे मी तीनदा सांगितलं. तिने सुईत दोरा ओवला.

११ ऑक्टोबर

एकोणीस.

अल्लालला गाठलं. त्याला माहीत होतं. गयावया करत म्हणाला, मला वाटलं तुम्ही हुशार आहात, चौकशी करून आला असाल —

मारणार होतो. घड्याळ पाहिलं आणि पळत घरी आलो. एक मिनिटही वाया घालवायचं नाही.

१४ ऑक्टोबर

बावीस. तिचे तास आता दोन्ही टोकांनी वाढतात; सकाळी नऊ ते अकरा एवढीच रीम आहे.

त्या वेळात तिला सांगत बसतो. तुझं नाव. तुझ्या आईचं नाव. दुकानात तू पंपाला कान लावून म्हणाली होतीस, याला खोकला झालाय. ती हसते, म्हणते, बाबा, हे कालच सांगितलंत. तिच्या तळहातावर शाईने लिहिलं, बुअज्जाची मुलगी. साडेअकराला पाहिलं तर हात स्वच्छ. धुतलेला नव्हता, कोरडाच होता.

तिला कळतंय. आज तिने विचारलं, "मी उद्या नसले तर तुम्ही घरातच राहाल ना?"

मी हो म्हटलं.

१५ ऑक्टोबर

तेवीस. रीमचा एकच तास उरला, दहा ते अकरा. मांडीवर घेऊन बसलो. नुसता तिच्या पाठीला कान लावला. श्वास तिचाच होता. अकराला आवाज गेला. श्वासाचासुद्धा —

१६ ऑक्टोबर

दहा वाजले. आली नाही.

साडेदहा. मी गल्लीत आहे. कसा बाहेर आलो आठवत नाही. दार आतून बंद. मुफद्दल म्हणतो, चला इथून, पाव खा. नको. तिला हो म्हटलंय.

दार वाजवलं. वाजत नाही. हाताने, मग दगडाने —

उघडलं. ती आहे. केस नीट विंचरलेले. "कोण हवंय, काका?"

म्हटलं, खोली हवी. भाड्याने. कोपरा चालेल, जिन्याखाली चालेल. मी पंप दुरुस्त करतो, कारंजं बघेन, अंगण झाडेन. घरातून हाकलू नका एवढंच.

ती वरच्या खोलीत विचारायला गेली. मी उंबऱ्यावर लिहितोय.

मिळाली. जिन्याखालची. आत आलोय.

कागद आणलाय तिने. राहणाऱ्याचं नाव लिहायचं. लिहिलं. वडिलांचं नाव. लिहिलं. मुलंबाळं किती. एक.

ती म्हणते, त्या एकाचं नाव सांगा.

मी तिच्याकडे बघतोय. जिभेवर आहे. दोनच अक्षरं, काल सगळी सकाळ मी तेच नाव मनात —