पहिला क्रमांक माझा

३ मार्च, रविवार. संध्याकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण आज एक काम पूर्ण केलं, आणि मी पूर्ण केलेल्या कामाची नोंद आमच्या घरात दुसरं कोणी ठेवत नाही.

आईच्या घरची जुनी तारेची फोनलाइन कंपनीने बंद केली. मोबाइल तिला नको. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, स्क्रीनवर काही दिसत नाही. म्हणून तिच्याकडे इंटरनेटवर चालणारा फोन अ‍ॅडॅप्टर बसवून आलो. तळहाताएवढा डबा. एक वायर राउटरला, दुसरी आईच्या जुन्या फोनला, संपलं. खोक्यावर लिहिलंय पाच मिनिटं. मला चार तास लागले, पण मी मन लावून केलं.

त्यातले पावणेदोन तास वायर चुकीच्या भोकात होती. हे आईने ओळखलं, नुसता रिसीव्हर कानाला लावून. आई एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. त्यामुळे तिला थोडंफार कळतं.

खरी करामत पुढे आहे. कॉल राउटिंग! आईने रिसीव्हर उचलून फक्त १ दाबायचा. पहिला क्रमांक माझा. पंचवीस सेकंदांत मी नाही उचलला, तर कॉल आपोआप ताईकडे. तिनेही नाही, तर शेजारच्या काकूंकडे. म्हणजे आईचा फोन यापुढे वाया जाणं अशक्य. गेल्या महिन्यात माझ्याकडून तिचे तेरा फोन हुकले. हुकले म्हणजे दिसले, पण उचलले नाहीत. पाच वाजता ती फोन करते आणि पाच वाजता आमची मीटिंग असते, यात कोणाचा दोष? तरी मनाला लागतं. आता लागणार नाही.

आईला बजावलं की थेट नंबर फिरवायचे नाहीत, सगळं १ वरूनच. नाहीतर रिपोर्ट बिघडतो. तिने एकच विचारलं, "उचललं कोणी आणि बोललं कोणी, हे तुझ्या डब्याला कसं कळतं?" जुन्या जमान्याचा प्रश्न. मी हसून विषय बदलला.

निघताना म्हणाली, एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टर याच महिन्यात देतील, त्या दिवशी तू सोबत हवास, मला भीती वाटते. आई भीती वाटते असं कधी म्हणत नाही. मी सांगितलं, तारीख कळव, मी असणार म्हणजे असणार.

४ मार्च, सोमवार
५:०० ला आईचा फोन. मीटिंगमध्ये होतो. फोन सायलेंटवर थरथरला आणि थांबला. म्हणजे ताईकडे गेला. पहिल्याच दिवशी यश! पूर्वी असा फोन हुकला की रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही. आज दोनदा वाढून घेतलं.

५ मार्च, मंगळवार
आजही ५:०० ला फोन, आजही थांबला. यंत्रणा चोख. आईला उलटा फोन करणार होतो, पण ती आत्ताच ताईशी बोललेली असणार. म्हाताऱ्या माणसाला एका दिवसात किती बोलायला लावायचं?

हिला राउटिंग समजावून सांगितलं, कागदावर बाण काढून. ही म्हणाली, याहून सोपा एक उपाय आहे, फोन उचलणं. बायकोला तंत्रज्ञानात रस नाही.

८ मार्च, शुक्रवार
ऑफिसात हेच राउटिंग आपल्या विभागाला लावावं असा प्रस्ताव मांडला. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. मी तक्रार कक्षाचा प्रमुख. भिंतीवर माझ्याच सहीची पाटी आहे: अडकलेल्या माणसाचा फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलला गेला पाहिजे. साहेब म्हणाले, बघू. साहेबांचं 'बघू' म्हणजे जवळजवळ होच.

मोबाइलच्या कोपऱ्यात तीन-चार दिवस एक छोटं चिन्ह दिसतंय. पाकिटासारखं, बाजूला आकडा. कंपनीची जाहिरात असावी. बोटाने बाजूला सारतो, पुन्हा येतं.

१० मार्च, रविवार
आज आईकडे जायचं होतं. बस दीड तासाची. सकाळी पाठ धरली होती. दुपारी सुटली, पण तोवर जाऊन लगेच परतायची वेळ झाली असती. पुढचा रविवार नक्की. (लाल पेनने लिहितोय.)

अ‍ॅडॅप्टरचा पहिला साप्ताहिक रिपोर्ट ईमेलने आला. एकूण कॉल ७. उत्तर मिळाले ७. शंभर टक्के! सरासरी वेळ एक मिनिट पन्नास सेकंद. इथे जरा वाईट वाटलं. ताई शाळेत मास्तरीण, दोन मिनिटांत तास आटोपल्यासारखी आईला आटोपते. मी उचलला असता तर निदान पाच मिनिटं बोललो असतो. पण तिला काही म्हणणार नाही. प्रत्येकाचा स्वभाव.

१२ मार्च, मंगळवार
ताईचा मेसेज: "आईचं सगळं ठरलंय ना? ती म्हणते तुला सगळं सांगितलंय."

सगळं म्हणजे १ दाबायचं वगैरे. ते मीच आईला सांगितलं होतं, तिने मला नव्हे. पण शिक्षकांशी वाद नको. अंगठा पाठवला.

पाकिटाच्या बाजूचा आकडा ९.

१५ मार्च, शुक्रवार
आज ५:०० ला फोन थरथरला तेव्हा मीटिंग नव्हती. साहेब रजेवर. मी चहा घेत होतो. उचलणार होतो, देवाशप्पथ. पण मनात आलं, बारा दिवस झाले, काय बोलायचं? रविवारी का आला नाहीस असं विचारलं तर? हातात कप, हातात फोन, आणि मी कपाकडे बघत बसलो. तेवढ्यात थांबला. गेला ताईकडे.

हे लिहायला नको होतं. पण रोजनिशीशी खोटं बोलू नये असा नियम केलाय. (आजच केला.)

१७ मार्च, रविवार
आईकडे गेलो नाही. शुक्रवारचं तोंड घेऊन कसा जाऊ?

रिपोर्ट: ७ पैकी ७. ऑपरेशनची तारीख अजून ठरलेली दिसत नाही. ठरली असती तर ताईने कळवलंच असतं. डॉक्टर लोक वेळकाढूपणा फार करतात. मी मात्र तयार आहे. रजेचा अर्ज टाइप करून ठेवला, फक्त तारखेची जागा रिकामी.

२० मार्च, बुधवार
आज फोन सकाळी ८:१० ला थरथरला. दाढी करत होतो, गालाला फेस. आईने वेळ बदललेली दिसते. चांगलंय, माणसाने लवचीक असावं. ५:०० ला आला नाही. एक दिवस यंत्रणेलाही आराम.

२३ मार्च, शनिवार. दुपारी २, बसमध्ये
अक्षर हलतंय. बस हलतेय म्हणून.

सकाळी ताईचा फोन. तिचा फोन मी लगेच उचलतो, कारण ती रागावते. तिने विचारलं, पट्टी काढल्यावर आईला नीट दिसतंय ना? मी विचारलं, कसली पट्टी? ताई म्हणाली, ऑपरेशन बुधवारी झालं. गुरुवारी मी आईला विचारलं, तो होता ना सोबत? ती म्हणाली, झालं सगळं नीट.

मी म्हणालो, अगं पण आई रोज पाच वाजता तुझ्याशी बोलते ना?

"माझ्याशी? मी रविवारी करते तेवढाच, आणि परवा ऑपरेशनचं विचारायला केला तो. तीन तारखेपासून तिचा मला एकही फोन नाही," ताई म्हणाली.

मग ते पाकीट उघडलं. आकडा १९. मी फोन उचलला नाही की वीस सेकंदांनी माझ्या आवाजात 'निरोप ठेवा' असं रेकॉर्डिंग लागतं. ऑफिसच्या सांगण्यावरून एक मार्चला मीच भरलेलं. डबा थांबतो पंचवीस सेकंद. म्हणजे रोज विसाव्या सेकंदाला माझं रेकॉर्डिंग फोन उचलत होतं, डब्याला वाटत होतं मुलाने उचलला, आणि कॉल पुढे जातच नव्हता. ७ पैकी ७.

एकोणीस निरोप ऐकले. बसमध्ये बाजूच्या बाई मधून मधून माझ्याकडे बघत होत्या.

पहिल्या दिवशी ती नुसती, "हॅलो? हॅलो? मीच आहे," म्हणून थांबलीय, मी काही बोलेन म्हणून. तिसऱ्या दिवशी तिने दोष शोधलाय. "तुझा डबा रेकॉर्डिंग म्हणजेच तू असं समजतोय. ते बंद कर, नाहीतर त्याची वेळ वाढव. दोन मिनिटांचं काम आहे." चौथ्या दिवशी पुन्हा तेच, सावकाश, मला लिहून घेता यावं म्हणून. अकरा तारखेला: "तारीख मिळाली. वीस, बुधवार, सकाळी नऊ. दोन शून्य, बुधवार. घरचं एक माणूस लागतं, सही करायला." चौदाला पुन्हा तारीख, आकडे सुटे करून, ट्रंक कॉल जोडल्यासारखे. अठराला: "जमत नसेल तर तसं सांग. मी रागावणार नाही." वीस तारखेला सकाळी, मी गालाला फेस लावून उभा असताना: "निघतेय. काकू आहेत सोबत. तू घाई करून येऊ नकोस."

प्रत्येक निरोपाच्या शेवटी, "बरं, ठेवते." एकोणीस वेळा.

तोच दिवस, संध्याकाळी
आईने दार उघडलं, डोळ्याला हिरवा चष्मा. म्हणाली, वाळलास, मला आता दिसतं. मला रडू आलं, म्हणून मी आधी डबा तपासायला घेतला. टेबलावर हॉस्पिटलचा कागद होता. सहीच्या खाली 'रुग्णाशी नाते' असा रकाना, त्यात काकूंच्या अक्षरात 'शेजारी'.

विचारलं, माझं रेकॉर्डिंग लागतंय हे तुला तिसऱ्या दिवशी कळलं, मग ताईला थेट का नाही फोन केलास? रविवारी तिला का नाही सांगितलंस? म्हणाली, थेट करायचा नाही असं तूच बजावलं होतंस, आणि ताईला सांगितलं असतं तर ती तुझ्यावर चिडली असती.

मग म्हणाली, "आणि खरं सांगू? आधी नुसती बेल वाजून बंद व्हायची. आता निदान तुझा आवाज तरी यायचा."

मी माफी मागितली. ती म्हणाली, बरं, ते रेकॉर्डिंग बंद कर आधी. तिने सांगितलं तसं केलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

२४ मार्च, रविवार
आईकडेच राहिलो. दर चार तासांनी डोळ्यात थेंब मी घातले. पाचदा! दोनदा गालावर पडले.

राउटिंगची चाचणी केली. आईने १ दाबला, मी स्वयंपाकघरातून उचलला, ती हॉलमधून बोलली. मग मी मुद्दाम उचलला नाही, कॉल ताईकडे गेला. तिने उचलला, आईशी बोलली, माझ्याशी नाही. आईने विचारलं, क्रम बदलायचा का? मी म्हणालो, नाही. पहिला क्रमांक माझाच. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तारीख दोन दिवसांत कळेल. ती सर्वांत आधी मला कळणार, आणि सही मी करणार. आईच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

२५ मार्च, सोमवार
५:०० ला फोन आला. भर मीटिंगमधून उठलो! "आईचा आहे," एवढंच म्हणून बाहेर. जिन्यात उभा राहून सहा मिनिटं बोललो. तिला भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसतात. तारीख उद्या कळणार.

परत आलो तेव्हा साहेब म्हणाले, तक्रार कक्षाचा प्रमुखच मीटिंग सोडून फोनवर जायला लागला तर कसं? माणूस एका दिवसात बदलू शकतो, हे साहेबांना हळूहळू कळेल.

२६ मार्च, मंगळवार
४:४५. मीटिंगला बसलोय. फोन समोर, टेबलावर, उताणा. सायलेंट नाही. वाजला की उठायचं, कोणाच्या बापाला घाबरायचं नाही.

५:०० ला वाजला. साहेबांनी बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मी काही ठरवलं नव्हतं. अंगठा आपला आपण लाल बटणावर गेला.

५:०९. ताईचा मेसेज: "आईचा फोन आला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन सतरा तारखेला, बुधवारी. मी रजा टाकली आहे. तू ये जमलं तर."

यंत्रणेत आता कसलाही दोष नाही.