दहा सेकंदांची मुदत

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणजे खुशाल असणार. माझी तक्रार गंभीर आहे: घरचा संगणक हल्ली सुरू होताना मला प्रश्न विचारतो. पन्नाशीनंतर माणसाला प्रश्न विचारू नयेत, असं एखाद्या स्मृतीत असायला हवं होतं.

तुझ्याच सल्ल्याने त्यात जुन्या यंत्रणेशेजारी (तुझ्या भाषेत ऑपरेटिंग सिस्टिम) नवी बसवली. ("जुनीला धक्का लागणार नाही दादा, नुसती जागा वाटून दे," इति तू.) वाटणीला अख्खा रविवार गेला. मधेच पडदा काळा पडला, तेव्हा तुझ्या वहिनीने दारातून हळूच विचारलं, "गेला का?" जणू आत कुणी आजारी होतं. गेला नव्हता. एका देहात दोन आत्मे नांदू लागले, इतकंच. (अशा देहाला वैद्याकडे नेत नाहीत, मांत्रिकाकडे नेतात, म्हणून तुला लिहितोय.)

आता चालू केला की दोन नावं येतात, वर नवी, खाली जुनी. दहा सेकंदांत खालची निवडली नाही, तर तो आपणहून नवी उघडतो. दहा सेकंदांत आपल्या अण्णांचा चष्मासुद्धा नाकापर्यंत पोचत नाही. आणि त्यांचा कोश, सुतार-लोहार-शिंप्यांच्या अवजारांचे शब्द, अकरा वर्षांचं काम, सगळं जुनीत.

नवीत त्यांना कोश दिसेना. चष्म्याचं घर हरवलं तरी सगळ्यांची झडती घेणारा हा माणूस. या वेळी चकार शब्द काढला नाही. मला तीन आठवड्यांनी कळलं. कोरं पान उघडून त्यांनी 'अंगुस्तान'पासून पुन्हा सुरुवात केली होती. 'ऐरण'पर्यंत आले होते. ऐरण चार वेळा आली आहे, चारही वेळा अर्थ वेगळा.

तरी त्या दहा सेकंदांची साठ कशी करायची, ते कळव.

तुझा,
दादा

ता. क. : साठ केली. माझी मलाच जमली. तू शिकलास ते फुकट गेलं.

आणखी एक : परवा जुनी यंत्रणा उघडून अण्णांना त्यांचा कोश दाखवला. बरीच पानं वाचली, दोनदा मान डोलावली. म्हणाले, "काम चोख आहे. कुणाचं रे? गृहस्थ हयात असतील तर एकदा भेटायला हवं." भेटवतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संगणकासाठी येऊ नकोस. ते अजून तुझी नावाने चौकशी करतात, तोवर येऊन जा. काल मी पाणी नेऊन दिलं, तर मला, थोरल्या मुलाला, "अहो, ठेवा इथे" म्हणाले. मला भीती वाटते.